देठासकट

नंदुरबारला जानेवारीत
माणूस खोकल्यावरून ओळखतात.
एकदाच खोकला तर इथला,
थांबेचना तर पाहुणा.

पथारीवर नजर जाईल तिथवर मिरची वाळतेय
आणि पत्र्याच्या प्रयोगशाळेत
मी गिरासे साहेबांसाठी एक खिडकी बांधतेय:
डावीकडे नमुन्यांची यादी, खाली तिखटाचा आकडा,
उजवीकडे मोकळा चौकोन.
त्यात रेणू बसवायचा.

रेणू दाखवणारा प्रोग्रॅम आयता मिळतो.
पण उघडला की स्वतःची वेगळी खिडकी मांडतो,
लग्नाला येऊन वेगळी चूल पेटवणाऱ्या
रुसक्या चुलत्यासारखा.
आधी त्याची चौकट काढून घ्यायची,
मग हातात माझ्या चौकोनाचा नंबर द्यायचा:
एवढ्या जागेत काढ, बाबा. मी सांगेन तेव्हा काढ.

नऊ दिवस नुसता काळा चौकोन.
दहाव्या दिवशी रेणू उमटला,
पण माऊसचं चाक फिरवलं की यादीच सरके.
हाक एक, ओ देणारे दोन.
खिडकी ताणली तरी तो
जुन्याच मापात अंग चोरून.

काल लाईट गेली.
अंधारात चहा पिताना लक्षात आलं,
आत दोन घड्याळं लावलीत मी,
आणि दोन्ही एकमेकांची वाट बघतायत.
लाईट आल्यावर एक काढून टाकलं.

वळला.
बोटासरशी वळला.

एकोणपन्नास मणी. राखाडी, पांढरे,
निळा एकच,
आणि लाल?
लाल फक्त तीन.

झेलूबाई वळवी नमुन्याची पिशवी टाकायला आली.
दिवसभर देठ खुडते, किलोवर पैसे.
पडद्याशी वाकली.
"काय शे हाई?"
म्हटलं, मिरचीतलं तिखट. झोंबतं ते हेच.
तिने बघितलं: एका टोकाला कडं,
मग लांबच लांब शेपूट, शेवटी दुभंगलेलं.
"याना देठ राही गया, पोरी,"
म्हणाली, आणि अंगठ्याचं नख
सवयीने काचेवर टेकवलं.

ती गेल्यावर मी ठसा पुसला, बोटानेच,
आणि जरा वेळाने, विसरून,
डोळा चोळला.

साहेब आत आले तेव्हा
रेणू आपल्या चौकोनात शहाण्यासारखा फिरत होता.
"बसला का एकदाचा?"
मी नळाखाली वाकलेली.
बसला, म्हटलं.