खुराएवढी जागा

ब्राह्मणवेलच्या पठारावर
पवनचक्कीचं पातं सावलीने जिथला दगड पुसत राहतं
तिथे एक डबकं आहे. घोट्याएवढं.
भादव्यात असतं, दिवाळीला नसतं.

त्यातच उगवतं हे, आणि कुठेच नाही.
पाण्याखाली गुळगुळीत,
पाण्यावर आलं की अंगभर लव.
पासष्ट काड्या मोजल्या. पुन्हा मोजल्या : एकसष्ट.

बुधा ठेलारी काठीवर हनुवटी टेकून
माझं ओणवं अंग बघत होता.
नाव विचारलं.
"याले कसानं नाव? मेंढी खात नही,
छप्परले पुरत नही."
मग बिडी विझवून, बऱ्याच वेळाने,
"बी मातर खुरले चिकटस.
मी दरसाल कळप आठेनच काढस."
का?
"बाप काढे."

एक काडी कागदात दाबली.
'स्थानिक नाव' समोरची ओळ कोरीच.

मार्गशीर्षात पुन्हा गेलो.
तडकलेला चिखल, आणि त्यात
दुभंगलेल्या खुरांचे शेकडो ठसे, भाजल्यासारखे टणक.
एकात बोट घातलं.
तळाला काहीतरी टोचलं, तुसासारखं,
बोटाला लागून वर आलं.

सावली आली, गेली.
मी हात तिथेच झटकला.