गड्डा

मगदूम काकूंच्या घरात कांदा येत नाही.
बटाटा नाही, लसूण नाही, मुळा नाही,
जमिनीखालचं काहीच नाही.
तरी त्यांच्या परड्यात, न्हाणीच्या पाण्यावर,
लिलीचे गड्डे होते तीसेक.
"हे खायचं नसतंय, नुसतं बघायचं,"
म्हणत त्यांनी एक माझ्या हातावर ठेवला.
खुरपं लावलं नाही, बोटांनीच उकरला.
मुळांतलं गांडूळ आधी खाली सोडलं,
मग माझ्याशी बोलल्या.

उद्यमनगरात मी एकतीस वर्षं साचे भरले.
काळी वाळू चाळायची, ओलवायची, ठासायची,
पॅटर्न पुरायचा, अलगद उचलायचा,
राहिलेल्या पोकळीत लोखंड.
सांगितलं तेवढंच वाळूतून बाहेर येतं:
पंपाचं घर, पुलीचा घेर,
सूतभर इकडं नाही की तिकडं.
आलंच, तर परत भट्टीत.
म्हणून गड्डा हातात आल्यावर
सवयीनं आधी माप घेतलं.
अडीच इंच. बुडाला जरा चेपका.
आत काय आहे, त्याची वर कुठं खूण नाही.

ओट्यावर ठेवून पाय धुवायला गेलो,
तेवढ्यात सुनेनं झुणक्यासाठी विळीवर घेतला.
"मामंजी, ह्या कांद्याला वासच नाही ओ!"
उभ्या दोन फाका.
डोळ्यांत पाणी कुणाच्याच नाही.
झुणका त्या दिवशी तसाच झाला, पांढरा,
आणि मी दोन्ही फाकांना चुलीतली राख चोळत
अंगणात बसलो, न्हाव्यानं तुरटी लावावी तसा.

तेलाचे दोन डबे, बुडाला खिळ्यानं भोकं.
शेणखत, पंचगंगेची वाळू, तांबडी माती.
आणि हात आपोआप ठासायला लागले.
कुंपणापलीकडून काकू:
"ओ सर्जेराव, साचा भरताय व्हय?
पोकळ असू द्या.
आणि मान बाहेर ठेवा, श्वास कोंडतोय त्याचा."

पहिल्या मे महिन्यात दोन्हीकडं एकेक पान.
दुसऱ्या मे महिन्यात तेवढंही नाही.
त्या दिवाळीत काकूंना मुलानं हुबळीला नेलं.
घर विकलं. नव्या मालकानं गाडी लावायला
परड्यात पेव्हर ब्लॉक घातले.
मी तेव्हा मोतीबिंदूच्या पट्टीत होतो,
कळलं तेव्हा रोलर फिरून गेला होता.
आता दूध आणायला जाताना
त्या ब्लॉकच्या सांध्यांकडं बघत जातो.
मालकाला वाटतं, म्हातारा काहीतरी हुडकतोय.

तिसऱ्या वर्षी, वळवाच्या आधी,
डाव्या डब्यातून नुसता दांडा आला.
पान नाही, काही नाही, ठिपक्याठिपक्यांचा दांडा,
वर मिटलेली मूठ.
चार दिवस ती मूठ तशीच.
पाचव्या दिवशी पहाटे तोंड धुवायला बाहेर आलो
आणि झटकन मागं सरलो, हात डोळ्यांवर.
ओल्या साच्यात रस ओतला की असाच उडतो,
गोल, चहूबाजूंनी, लालभडक.
दोन मिनिटं गेली तरी एकही ठिणगी खाली पडेना,
तेव्हा हात काढला.
सून म्हणाली, "फुटबॉल लिली म्हणत्यात हिला."
मला ते नाव पटलं नाही, पण दुसरं सुचलंही नाही.

हुबळीला फोन लावला.
काकूंना ऐकू कमी येतं, मी ओरडून सांगितलं,
गल्ली गोळा झाली.
"आणि दुसऱ्या डब्यात?"
नाही अजून.
"उकरून बघू नका हां."

तिनं ओळखलं कसं?
पेटी गार झाली की फोडायचीच, हे हातांत बसलेलं.
खुरपं दोनदा उचललं, दोनदा ठेवलं.
फूल आठवड्यानं वाळलं, दांडा कापला.
उजव्या डब्याला एक दिवसाआड तांब्याभर पाणी, तसंच चालू आहे.
आज सकाळी मात्र हातोडीच्या दांड्यानं
बाहेरून हळूच ठोकून बघितला,
कास्टिंगला चीर आहे का बघतात, तसा.
आवाज भरीव आला.