गाडी

दादा जाऊन बेचाळीस दिवस झाले.
माग चालूच आहेत. बंद ठेवून परवडत नाही,
आणि बंद ठेवले तर घरात जे ऐकू येईल
ते ऐकायची कुणाची तयारी नाही.
वडगावात खटखट थांबली
की शेजारीण दारात येऊन विचारते, काय झालं?

आम्ही त्याचं नाव काढत नाही.
आई अजून जुन्याच मापानं पीठ घेते,
उरलेली भाकरी सकाळी ताकात चुरते
आणि प्रत्येकाच्या वाटीत थोडी थोडी घालते,
कुणाची ते न सांगता.

महापालिकेचा कागद आला, कानडीत.
आबांनी तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला,
मग वहिनीपुढं ठेवला.
महानंदा वहिनी बैलहोंगलची.
शाळेतल्या पोरीसारखी उभी राहून
एकेक ओळ मराठीत करून सांगत गेली:
भरमा लुमाण्णा, पुरुष, राहणार वडगाव.
वरचा एक शब्द तिनं नुसता वाचला.
मरण.
तो उलटवावा लागला नाही,
दोन्हीकडे तोच आहे.

शेडमध्ये त्याची गाडी.
आबा पहाटे किक मारायचे.
बॅटरी उतरते म्हणून, असं स्वतःलाच सांगून.
वहिनी दुपारी, कांड्या भरून झाल्यावर,
हँडलवर दोन्ही हात ठेवून मिनिटभर.
विराज शाळेतून आला की बटण दाबून.
मी तेराव्याला आले ती गडहिंग्लजला परतलेच नाही;
रात्री शेवटचा माग थांबला की
आधी शेडकडं जायचे, मग अंथरुणाकडं.
कुणालाच कुणाचं ठाऊक नव्हतं.
मागांच्या आवाजात एक गाडी कुठं कळते?

आईला किल्ली लावता येत नाही.
ती येता जाता सायलेन्सरला हात लावून बघायची.
दरवेळी कोमट.
तिनं कुणाला विचारलं नाही.
विचारलं असतं तर कळलं असतं.

आज पहाटे गाडी सुरू होईना.
आबांची किक, परत किक,
आणि आम्ही सगळे अंगणात, जणू कुणी हाक मारली.
विराजनं टाकीचं झाकण उघडून आत डोकावलं.
कोरडी.
"मी दिवसातनं एकदाच," आबा म्हणाले.
"मीबी एकदाच," मी म्हणाले.
वहिनी पदराशी चाळा करत राहिली.
"मी दोनदा," विराज म्हणाला, "खरं हॉर्न नाही वाजवला."
आणि वहिनी हसली,
बेचाळीस दिवसांत पहिल्यांदा,
आणि त्या हसण्याचं मधेच काय झालं ते
आम्ही सगळ्यांनी पाहिलं.
यावेळी कुणी माग सुरू करायला उठलं नाही.
आई एवढंच म्हणाली,
"म्हणजे तुम्ही होय."
आणि पायरीवर बसली.

"नडीरी मामा," वहिनी म्हणाली. चला.
आबा हँडलला, विराज मागं, मी एका बाजूला.
त्या दिवशी आम्हा बायकांना
गल्लीच्या कोपऱ्यावरच थांबवलं होतं;
पुढची वाट पुरुषांनी पाहिली.
आज आम्ही कोपरा ओलांडला.
आई चप्पल न घालताच आली होती.
कुणीतरी कट्ट्यावरनं विचारलं, पंक्चर काय?
आबा म्हणाले, होय.

येळ्ळूर रोडच्या पंपावर
पोरगं नळी घेऊन उभं: "एष्टु?"
आम्ही एकमेकांकडं पाहिलं.
किती लागतं हे त्याला ठाऊक असायचं.
"शंभरचं घाल," आई म्हणाली,
"रोज लागतंय."

परतताना गाडीवर कुणी बसलं नाही.
ती चालू ठेवून
आम्ही तिच्या दोन्ही बाजूंनी चालत आलो.
पेट्रोल जळतंय, आबा म्हणाले.
म्हणाले, खरं बंद केली नाही.