चुना ओला असेपर्यंत

'इस्लोगन लिख दो, पेंटरसाब,' म्हणून
माधवगंजातला पोरगा भिंत दाखवून गेला.
पुढे 'इ' लावल्याशिवाय
शब्द ग्वाल्हेरात उंबरा ओलांडत नाही:
इस्कूल, इस्टेशन, इस्लोगन.

माझे साडू, पागेशास्त्री, म्हणायचे
हा मुळातला श्लोकगण. आपलाच.
साहेबानं नेला आणि वाकडा करून परत दिला.
वीस वर्षं मी ते खरं धरून चाललो,
श्लोकासारखं शुद्ध लिहीत राहिलो:
'नाली की सफाई, हमारी लड़ाई'.

मग दालबाजारात, रद्दीच्या काट्यावर
पाठ उसवलेला एक कोश भेटला. सव्वा किलोचा.
त्यात होतं: स्लूअ म्हणजे सैन्य. गॅरम म्हणजे हाक.
स्कॉटलंडच्या डोंगरातली, आयर्लंडच्या ओल्या रानातली बोली.
लढाईला निघताना ओरडायचे लोक
गावाचं नाव, टेकडीचं, कुळातल्या कुणा मेलेल्याचं,
धुमश्चक्रीत आपला कोण ते कळावं म्हणून.
खालच्या मुलखानं ते ऐकलं, झिजवलं.
मध्येच कुणाला वाटलं हे रणशिंगच,
आणि त्यानं ते फुंकायलाही लावलं.

सैन्याची हाक.
आणि मी राहतो कुठे? लश्करात.
एकदा ठोकलेले तंबू उठलेच नाहीत,
वर पत्रे आले, मग स्लॅब, मग डिश.
शेजारी कंपू. पलीकडे छावणी.
चिटणिसांची गोट, तिला पाटीवर 'गोठ' केलंय,
पुण्याची पाहुणी विचारते, म्हशी कुठायत?
चारी दिशांना एकच अर्थ
आणि शिपाई औषधाला नाही.
सुपारी कातरणारे, पेन्शनच्या रांगेतले,
मुलीला क्लासला सोडून स्कूटरवर डुलक्या काढणारे.
हाक मारायला उरलो मी, ब्रशनं,
चौरस फुटाला सात रुपये.

कोशात आणखी एक ओळ होती, बारीक टायपात.
स्लूअ म्हणजे नुसती गर्दीसुद्धा.
आणि मेलेल्यांचा जथा,
रात्री पश्चिमेकडून उडत येणारा,
म्हणून आजाऱ्याच्या खोलीची
तिकडची खिडकी लावून घ्यायचे.

काल मतदान झालं. आज भिंत पुसायचा हुकूम.
चुना कालवला, चिमूटभर नीळ, पहिला हात मारला.
चुना ओला असतो तोवर झाकत नाही,
हे आमच्या धंद्याबाहेर फारसं कुणाला ठाऊक नाही.
अर्धा-पाऊण तास सगळं वर येतं:
माझं परवाचं अक्षर,
त्याखाली डिपॉझिट गेलेल्या एकाचं नाव, कढई छाप,
त्याखाली कुटुंब नियोजनाचा तांबडा त्रिकोण,
आणि पार तळाशी, गेरूतला,
बाबांचा 'ल'.
मराठी वळणाचा, ज्याला इथली गिऱ्हाइकं चुकलेला म्हणायची
आणि पैसे कापायची. तरी ते तसाच काढायचे.
पुढे 'श्कर' असेल, किंवा 'ढा', किंवा 'ग्नाचे बँड'.
बाकीचं पोपड्यांबरोबर गेलं.

भिंतीचं तोंड पश्चिमेला. तिरकं ऊन.
मी बादली धरून उभा, ब्रशाचं पाणी कोपरापर्यंत ओघळलेलं.
दुसरा हात मारायचा राहून गेला.

मागून टेंपोवाला ओरडला,
'पेंटरसाब, सूख गई क्या? गाड़ी टिकानी है.'
म्हटलं, अभी नहीं.