पुढील भाग गुरुवारी

रूबे, एकोणीसशे एकवीस. पेलिकान थिएटर
म्हणजे लोकरीचं जुनं गोदाम,
भिंतींना अजून मेंढीचा वास.
मी पियानोवर. काम सोपं:
पडद्यावर तो काळा मुखवटेवाला आला
की डाव्या हातानं खालचे चार सूर.
त्यातला तिसरा मुका, पट्टी कधीचीच दबून बसलीय.
मालक म्हणतात, बघू पुढच्या महिन्यात.
लोक मात्र नेमके त्या रिकाम्या जागीच दचकतात.

दर गुरुवारी भूत छपरांवरून पळतं,
तिजोरीतून धुरासारखं निसटतं,
आणि ऐन मुखवट्याला हात भिडतो तेव्हाच
अक्षरं येतात: पुढील भाग गुरुवारी.
विणकर बायका शिव्या घालतात,
खांद्यावरची लोकर झटकत घरी जातात.

आन्सेल्म व्हेराग बसतो शेवटच्या रांगेत, खांबाआड.
दिवे मालवल्यावर येतो, लागायच्या आत उठतो.
त्याचा चेहरा पॅरिसला बनवलाय,
पातळ पत्र्याचा. रंगवणाऱ्या बाईनं
लढाईआधीच्या फोटोवरून गालाला लाली दिली.
तो एकतिशीचा झाला, गाल अजून चोवीसचा.
मिशी खऱ्या केसांची. थंडीत
कडेच्या फटीतून वाफ येते,
चुलीवर किटली असावी तशी.
पोरं त्याला भूत म्हणत नाहीत.
पोरं काहीच म्हणत नाहीत, रस्ता ओलांडतात.

बाराव्या गुरुवारी जिन्यावरही माणसं.
इन्स्पेक्टरनं भुताला गच्चीच्या कोपऱ्यात गाठलं.
कुणीतरी ओरडलं, "काढ! काढ एकदाचा!"
मग अख्खं गोदाम पाय आपटू लागलं,
काढ, काढ,
आणि मला मागे वळता येईना.

निघाला.
खाली एक देखणा सरदारपुत्र, पावडर लावलेला,
नाक शाबूत, जबडा शाबूत,
दात सगळेच्या सगळे.
टाळ्या.
टाळ्यांच्या तळाशी, अगदी मागून
कुणीतरी हसलं, पत्र्याच्या डब्यात गोटी फिरावी तसं.
चर्चच्या शिकवणीला माझ्या मागच्या बाकावर
कुणीतरी असंच हसायचं,
आणि छडी मला बसायची.

दिवे लावायची घंटा माझ्या पायाशी असते.
मी ती दाबली नाही.
कोऱ्या काळोखात तेच चार सूर
पुन्हा, आणि पुन्हा,
तिसऱ्यापाशी जरा जास्तच थांबत,
खुर्च्या चुकवत दारापर्यंत जायला
एका माणसाला लागतो तेवढा वेळ.