मंगळवारचा माणूस

पत्र मीच टाइप केलं.
सेकोंडीच्या रेल्वे कारखान्यातून अशी पत्रं
माझ्याच टेबलावरून निघतात,
मजकूर ठरलेला, नाव तेवढं बदलायचं.
‘आपण वयाची साठ वर्षं पूर्ण करीत असल्याने...’
या वेळी नाव होतं एबो आइडू, लेथवाला.

एबो म्हणजे मंगळवारी जन्मलेला.
आमच्या घानात वार चुकत नाही, वार नावातच असतो;
साल मात्र कुणीतरी ठरवावं लागतं.
त्याचं ठरवलं मिशनच्या शाळेतल्या मास्तरांनी:
उजवा हात डोक्यावरून ने, डावा कान धर.
बोटं लागली. सहा वर्षांचा, लिहा.
बोटं जरा आखूड असती
तर अजून एक वर्ष त्याच्या पदरात असतं.
हे त्यानंच सांगितलं, हसत.
हसता हसता हात आपसूक कानाकडे गेला.

मी त्याला काम करताना पाहिलंय.
चष्मा कपाळावर, डोळे जवळजवळ मिटलेले,
पोलादाची साल निळी होत, वळत उतरते
आणि तो नुसत्या आवाजावरून सांगतो, अजून केसभर.
मोजलं की केसभरच निघतं.
साठी बुद्धी नाठी म्हणणाऱ्यानं
एकदा त्याच्या शेजारी उभं राहावं.

पण शेजारी उभा कोण आहे, तेही सांगायला हवं.
सेलोर्म. अकरा वर्षं तात्पुरता.
व्होल्टाकडून आला तेव्हा मिशी फुटली नव्हती,
आता मुलगी तिसरीत आहे
आणि पगाराच्या वहीत तो अजून पेन्सिलीनं.
परवा खिडकीशी येऊन म्हणाला,
“मॅडम, पत्र निघालं का?”
आणि लगेच मान खाली घातली,
कुणाच्या मरणाची चौकशी केल्यासारखी.

मी काय म्हणावं?
नियम आंधळा आहे तेच बरं, असं वाटतं कधी.
डोळस असता तर साहेबांच्या डोळ्यांनी पाहिलं असतं त्यानं.
आणि थरथरत्या हातांच्या अन्साला
अंगठा गमावण्याआधी, अब्रूनिशी,
तारखेनंच तर घरी पोचवलं.
आणि कधी वाटतं,
एका मास्तरांच्या घाईला आपण कायदा म्हणतोय.

माझी चार उरलीत.
माझं साल? आई म्हणायची,
मोठं जाळं फाटलं त्या हंगामातली तू.

शेवटचा दिवस नेमका मंगळवार निघाला.
मंगळवारी आमचे कोळी समुद्रात जात नाहीत.
समुद्राला विसावा; जाळी वाळूत पसरून शिवायची.
एबोनं लेथ पुसून घेतलं, तेल सोडलं,
मायक्रोमीटर सेलोर्मच्या तळहातावर ठेवला
आणि पुन्हा उचलला.
“हा माझ्या पैशांचा आहे,” म्हणाला, आणि गेला.

बुधवारी पहाटे होड्या निघाल्या.
दहाच्या सुमारास सेलोर्म खिडकीशी:
“मॅडम, त्यांचा पत्ता आहे?
एक आवाज येतोय मशीनमधून. मला ओळखू येईना.”

दुपारी एबो फाटकावर आला, इस्त्रीचा शर्ट घालून.
मी पास लिहिला.
कामाचं स्वरूप: ऐकणे.
वयाचा रकाना रिकामा सोडला.