अडीच हात

यवतेश्वराच्या पोटात शिरताना
इस्माईलचाचा मुजावर पुढे, मी मागे.
पाणी पोटरीपर्यंत, आणि इतकं गार
की पायांची बोटं आधी ओरडली, मग गप्प झाली.
नगरपालिकेचा फॉर्म प्लास्टिकच्या पिशवीत,
पिशवी दातांत.

बॅटरीच्या उजेडात छिन्नीचे वार,
विळ्यानं कापलेल्या ज्वारीच्या धाटांसारखे तिरके,
सगळे आत निघालेले, आमच्याच वाटेनं.
मधूनमधून दिव्यापुरती देवळी.
एकीत बोट फिरवलं, काजळी आली.
जुनी, की मागच्या उन्हाळ्यात गाळ काढायला आलेल्यांची,
चाचाला विचारलं नाही.

सांगलीला शिकताना उपाध्येसरांनी
फळ्यावर एक डोंगर काढला होता,
आफ्रिकेतला, रोमन लोकांच्या राज्यातला.
दोन टोळ्या दोन टोकांकडून खोदत आल्या
आणि आत एकमेकींना चुकल्या.
वर्ग हसला.
सर म्हणाले, ओळंबा आणि ताटभर पाणी,
एवढ्यावर खोदून दाखवा.
कुणीच काही बोललं नाही,
पंखा तेवढा करकरत राहिला.

एकशे बाराव्या पावलाला चाचा थांबला.
समोर खडक.
मला वाटलं, संपलं.
पण पाणी थांबलं नव्हतं,
ते डावीकडे काटकोनात वळलं होतं,
अडीच हात,
आणि परत सरळ.

त्या अडीच हातांत वार कसेही:
आडवे, उभे, एकावर एक, घाईघाईचे.
आणि त्यापुढे सगळे वार
आमच्याकडे तोंड करून.

कुणीतरी हातोडा थांबवला असेल.
मागच्यांनाही म्हणाला असेल, थांबा रे.
खोकलासुद्धा दाबला असेल कुणी.
मग खडकापलीकडून,
जरा डावीकडून,
ठक्.

"आमचे आजोबा या वळणाला भेट म्हणायचे,"
चाचा म्हणाला, आणि तंबाखूची पुडी
तिथल्या देवळीत ठेवली,
घरच्या कोनाड्यात ठेवावी तशी.

मी मोजलं. टेपनं एकशे चौदा सेंटिमीटर,
चाचाच्या हातानं बरोबर अडीच.
उतार: शंभर हातांना बोटभर,
वळणातसुद्धा.

फॉर्मवर रकाना सात: बांधकामातील दोष.
पेन टेकवलं. उठेना.
ओलसर कागदावर नुसती चर पडली,
शाईशिवाय.

"बाई, आटपा," पुढून आवाज आला,
"साडेसहाला खालच्या पेठेला पाणी सोडायचंय."